शेवटचा आकडा मुका!

“या वर्षी तुझ्या बाबांच्या तोंडून ‘जावईबापू’ वदवून घेतलं नाही, तर नावाचा मान-सू नाही!”

प्यो मान-सूने ही प्रतिज्ञा केली तेव्हा तो गाडी चालवत होता, म्हणून एकच हात वर केला. दुसराही मोकळा असता तर त्याने मांडीवर थाप मारली असती, कारण आजची सगळी भिस्त त्या मांड्यांवरच होती.

शेजारी त्याची बायको मी-रान भाजलेलं रताळं सोलत बसली होती. नवऱ्याच्या प्रतिज्ञा तिने लग्नापासून ऐकल्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, “समोर बघा. ट्रक आहे.”

“असू दे ट्रक! ट्रकसुद्धा उचलीन!”

“ट्रक राहू द्या. मिठाची पोती उचला म्हणजे मिळवली. आई म्हणाली, दोनशे गड्डे आहेत.”

दोनशे गड्डे म्हणजे कोबीचे, आणि दिवस किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा! नोव्हेंबर सरत आला की सासुरवाडीच्या, म्हणजे गोसानच्या रस्त्याला ज्या गाड्या लागतात, त्यांतल्या निम्म्या गाड्यांत जावई असतात. जाताना ते पुढच्या सीटवर ताठ बसलेले दिसतात, येताना मागच्या सीटवर आडवे. मान-सू गेली बारा वर्षं असाच आडवा परत येत होता. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती हो! कोबी वाहायला, मीठ चोळायला, मुळे किसायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. त्याची तक्रार एकच होती. नावात मान होता, पण सासुरवाडीत त्याचा पत्ता नव्हता.

त्याला कारण त्याचे तळपाय. ते जन्मतःच सपाट, पाटासारखे! आपल्याकडे प्रत्येक पोराला फौजेत सेवा सक्तीची, पण त्या पायांमुळे फौजेच्या डॉक्टरांनी त्याला कवायतीच्या मैदानाऐवजी नगर कार्यालयात सेवेला धाडलं. आता हे दुसऱ्या कुठल्या सासऱ्याला चाललं असतं. मान-सूला सासरा मिळाला बोंग उस्ताद! तीस वर्षं फौजेत कवायत शिकवलेला, लाल टोपीवाला माणूस. त्यांच्या शिट्टीने अर्ध्या प्रांतातल्या पोरांना घाम फोडलेला. मुलगी मागायला मान-सू पहिल्यांदा गेला तेव्हा उस्तादांनी पेला भरता भरता विचारलं होतं, “काय पोरा, फौजेत कुठे होतास?”

“नगर कार्यालयात. दाखल्यांची खिडकी.”

उस्तादांचा हात तिथेच थांबला. “बंदूक कुठली होती?”

“बंदूक नव्हती. शिक्का होता.”

झालं! त्या दिवसापासून मान-सूचं नाव पडलं दाखला. “ए दाखला, पंप बंद कर!” “दाखल्याला म्हणावं, पोतं आण!” फोन आला तरी पहिला प्रश्न, “दाखला घरी आहे का?” शेजारच्या ह्वांग काकूंनी तर एकदा त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, “माझ्या घराचा उतारा तुझ्याकडून मिळेल का रे?”

आणि थोरला जावई दोंग-पिल? तो मरीन, फौजेतल्या कडव्या दर्यावर्दी तुकडीतला! त्याला मात्र “जावईबापू, आत तापवलेल्या जमिनीवर बसा! जावईबापू, ही फोड घ्या!” हा दोंग-पिल दरवर्षी येऊन दंड दाखवायचा आणि कोबीला हात लावायची वेळ आली की म्हणायचा, “आज माझ्या पाठीच्या स्नायूंना विश्रांती आहे.” सगळे माना डोलवायचे! मान-सूच्या पाठीला स्नायू आहेत अशी शंकासुद्धा कुणाला कधी आली नव्हती.

हे सगळं मान-सूच्या मनाला फार लागलं होतं. बॉयलर विकून त्याने संसार नीट चालवला होता, मी-रानला काही कमी पडू दिलं नव्हतं. पण सासऱ्याने एकदा, फक्त एकदा, जावई म्हणून हाक मारावी एवढीच त्याची आस राहिली होती.

म्हणून त्याने या उन्हाळ्यात इमारतीखालच्या जिममध्ये नाव घातलं. जिममध्ये आपल्याकडे नाव-गाव नंतर विचारतात, आधी विचारतात, “तिन्हीची बेरीज किती?” म्हणजे बैठक, बेंच आणि डेडलिफ्ट, तिन्हीत जास्तीत जास्त किती वजन उचलता ते मिळवून सांगायचं. पाचशे किलोच्या वर असाल तर तुम्ही माणूस! मान-सूची बेरीज सांगण्यासारखी नव्हती, म्हणून कुणी विचारलं की तो खोकायचा. पण खोकता खोकता त्याला एक शोध लागला. बारबेल खांद्यावर घेऊन एकदा बसून उठायला ताकद लागते, पण वीसदा बसून उठायला ताकदीपेक्षा चिवटपणा लागतो! आणि चिवटपणा तर दाखल्यांच्या खिडकीवर बसून आलेल्या माणसाच्या अंगात मुरलेला असतो. स्वतःच्या वजनाइतका, म्हणजे सत्तर किलोंचा बार घेऊन त्याने वीस बैठका जमवल्या होत्या. शेवटच्या तीन बैठकांना त्याला पूर्वज दिसायचे, पण जमवल्या होत्या!

अंगणात पोचले तेव्हा लढाई सुरू झालेली होती. लाल रबरी टोपल्यांत मिठात मुरलेले गड्डे, फुलाफुलांची जाडी जाकिटं घातलेल्या काकूंची रांग, आणि मधोमध गुलाबी हातमोजे घालून सासूबाई! गोठ्याच्या दाराशी दोंग-पिल बसलेला. नोव्हेंबरच्या थंडीत हा बाबा अर्ध्या बाह्यांच्या घट्ट बनियनमध्ये!

“काय साडूभाऊ!” दोंग-पिल ओरडला. “जिमला जाताय म्हणे! तिन्हीची बेरीज किती?”

मान-सू सवयीने खोकला. मग त्याला प्रतिज्ञा आठवली आणि त्याने खोकला मधेच गिळला.

“बेरीज बायका-पोरांना सांगायला ठीक आहे. एकदा उचलून ठेवून द्यायचं, त्यात काय मोठंसं? वीस बैठका काढाल का? बार खाली न ठेवता?”

“वीस?” दोंग-पिल हसला. “वीस बैठका म्हणजे आमचं अंघोळीआधीचं आळोखेपिळोखे देणं!”

“मग होऊनच जाऊ द्या!”

कोबीच्या रांगेतल्या माना एकदम वर झाल्या. आणि गोठ्याच्या आतून आवाज आला, “कोण काढतंय वीस बैठका?”

बोंग उस्ताद बाहेर आले. वय सत्तर, पाठ पट्टीने आखलेली! गोठ्यात गाय कधीच नव्हती. पॉलीहाऊसचे पाइप जोडून उस्तादांनी तिथे बारबेल ठेवायची घोडी केली होती, आणि रोज सकाळी ते स्वतः बैठका मारत असत.

“दाखला?” त्यांनी मान-सूला आपादमस्तक न्याहाळलं. “तू?”

“हो बाबा, मी!” मान-सूने बोलून टाकलं. “मी वीस काढल्या तर आजपासून मला जावईबापू म्हणायचं!”

मी-रानच्या हातातलं रताळं खाली पडलं.

“आणि नाही निघाल्या तर?”

“तर मरेपर्यंत दाखला! चकार शब्द काढणार नाही!”

उस्तादांनी जरा विचार केला. मग आत जाऊन खुंटीवरची लाल टोपी घालून आले, गळ्यात शिट्टी. म्हणजे मंजूर!

लगेच वजनावरून जुंपली. मान-सू म्हणाला, “ज्याने त्याने आपल्या अंगाच्या वजनाइतका बार घ्यायचा.” दोंग-पिल म्हणाला, “वा रे वा! मी ब्याण्णव किलोंचा, तुम्ही सत्तरचे. खाल्लेल्या अन्नाचा दंड मी का भरू?” सासूबाई म्हणाल्या, “दोघांच्या खांद्यावर दोन-दोन टोपल्या द्या कोबीच्या, माझं कामही होईल!” पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी उस्तादांनी शिट्टी फुंकली.

“शत्रू काय तुमचं वजन विचारून चालून येतो? दोघांनाही ऐंशी!”

मान-सूने ऐंशी किलो आजवर फक्त दुसऱ्याच्या खांद्यावर पाहिले होते. पण आता माघार कशी घेणार?

“नियम ऐका!” उस्ताद गरजले. “वीस बैठका! प्रत्येक बैठकीचा आकडा मोठ्यांदा! आणि शेवटचा आकडा मुका! विसावा आकडा कुणाच्या तोंडून निघाला, तर पुन्हा पहिल्यापासून!”

आता फौजेची टोपी घातलेल्या कुठल्याही बाप्याला झोपेतून उठवून विचारा, तो हा नियम सांगताना दचकेल. कवायतीत सगळे आकडे ओरडायचे, फक्त शेवटचा गिळायचा. आणि दर वेळी तुकडीतला कुणीतरी एक दीडशहाणा तोच नेमका बोंबलतो! मग सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्या एका आकड्यापायी आपल्याकडे किती मैत्र्या तुटल्या असतील त्याची गणती नाही.

पहिला नंबर दोंग-पिलचा. त्याने कमरेला रुंद पट्टा आवळला, गुडघ्यांना पट्ट्या गुंडाळल्या, तळहाताला खडू चोळला, बारखाली शिरण्याआधी दोनदा डरकाळी फोडली. काकूंनी कोबी सोडून घोळका केला.

“एक!” तो खाली जाऊन वर आला. बार हातरुमालासारखा! “दोन! तीन!”

“अगंबाई, काय मांड्या आहेत!” ह्वांग काकू म्हणाल्या, आणि त्याही मोजायला लागल्या. मग त्यांच्या शेजारची, मग तिच्या पलीकडची. “सात! आठ! नऊ!” सगळं अंगण मोजायला लागलं. दोंग-पिलला चेव चढला. दहापर्यंत तर तो प्रत्येक बैठकीला काकूंकडे बघून हसत होता. चौदाला हसू बंद पडलं. सोळाला चेहरा किमचीच्या मसाल्यासारखा लाल झाला. सतराला पाय लटपटले, अठराला तो देवाचं नाव घ्यायला लागला, पण मरीन गडी, खरंच कबूल केलं पाहिजे, एकोणीस काढल्याच!

आणि विसावी! ओठ घट्ट मिटून दोंग-पिल खाली गेला. थरथरत, कण्हत वर आला. तोंडातून ब्र नाही! मान-सूने मनातल्या मनात कपाळावर हात मारला. संपलं सगळं!

“वीसऽऽऽ!” सगळ्या काकू एकसुरात ओरडल्या आणि ओल्या हातमोज्यांनी टाळ्या पिटल्या.

उस्तादांची शिट्टी कानठळ्या बसवून गेली.

“शेवटचा आकडा कोण ओरडलं?”

“आम्ही!” ह्वांग काकू अभिमानाने म्हणाल्या.

“पुन्हा पहिल्यापासून!”

“बाबा!” दोंग-पिल बारखालून किंचाळला. “मी गप्प होतो! तोंड शिवलं होतं मी!”

“तुकडी म्हणजे तुकडी, जावईबापू. एक चुकला की सगळे चुकले.”

“अहो, पण या काकू माझ्या तुकडीत कधी आल्या?”

“तुमच्यासाठी मोजत होत्या ना? मग आल्या!”

काकूंना फौजेत भरती झाल्याचा भलताच आनंद झाला. “हो, हो, आम्ही याच्याच तुकडीतल्या!” त्या म्हणाल्या आणि पुन्हा तालात “एक!” ओरडल्या. दोंग-पिलने आकाशाकडे पाहिलं. “मरीन मागे हटत नाही!” असं तो म्हणाला, आणि खरंच हटला नाही. फक्त चौथ्या बैठकीला खाली गेला तो खालीच राहिला. बार घोडीच्या पाइपांवर टेकला आणि दोंग-पिल त्याच्याखाली उकिडवा, शौचाला बसल्यासारखा, हलता येईना की बोलता येईना! चार काकूंनी मिळून त्याला बाहेर ओढला आणि आतल्या तापलेल्या जमिनीवर नेऊन पसरला. त्याचे पाय दुमडलेले ते दुमडलेलेच.

“एक जावई गेला!” सासूबाई कडाडल्या. “दोनशे गड्डे निथळतायत आणि यांचा खेळ चाललाय! आता याला तरी सोडा कामाला!”

“थांब गं,” उस्ताद म्हणाले. “दाखल्याची पाळी आहे.”

मान-सू पुढे आला. आधी त्याने काकूंपुढे कमरेत वाकून हात जोडले. “काकू, तुमच्या पाया पडतो, पण माझ्यासाठी मोजू नका! एक आकडासुद्धा नको!”

काकूंना राग आला. “बघा! त्याच्यासाठी मोजलेलं चालतं, याच्यासाठी नाही!” “शिष्ट मेला!” असं म्हणत सगळ्याजणी पाठ फिरवून कोबीकडे गेल्या. मान-सूला वाटलं, जिंकलो! त्याला काय माहीत, की खरी आफत तिथेच बसलीये!

त्याने बार खांद्यावर घेतला. ऐंशी किलो म्हणजे काय हे मणक्याला कळलं. “एक!” बसला, उठला. “दोन!” बरं चाललं होतं. “तीन!” सपाट तळपाय जमिनीला असे चिकटले होते की उस्तादही क्षणभर खाली वाकून बघायला लागले. “सात! आठ! नऊ!”

आणि नेमक्या त्याच वेळी मागे सासूबाई कोबी मोजून टोपलीत टाकायला लागल्या. “तीन!” धप्प! “चार!” धप्प! सासूबाईंचा आवाज असा खणखणीत की डोंगरापलीकडची कुत्री भुंकतात. मान-सूच्या डोक्यात आधीच रक्त चढलेलं, कानात घुईं आवाज, त्यात तो “चार!” घुसला.

“पाच!” मान-सू ओरडला.

“पाच म्हणालास, पाच धरले!” उस्ताद म्हणाले.

“अं? नाही, बाबा, दहा! मला दहा म्हणायचं होतं!”

“खिडकीवर बसून लिहिलेलं खोडता येत असेल. इथे तोंडातून गेलं ते गेलं. सहा!”

काय करतो बिचारा? “सहा!” तो खाली गेला. “सात!” आता प्रत्येक आकडा म्हणण्याआधी तो मनातल्या मनात दोनदा घोकत होता. “दहा! अकरा! बारा!” पाय आता आपले आहेत की शेजाऱ्याचे हे त्याला सांगता आलं नसतं. आणि मागून सासूबाई, “नऊ!” धप्प!

“दहा!” मान-सू ओरडला, आणि आपण काय बोललो ते कळताच त्याच्या तोंडून “अयाईगं!” निघालं.

“दहा धरले,” उस्ताद म्हणाले. पण या खेपेला त्यांचा आवाज जरा मऊ आला होता. टोपी मागे सरकली होती, आणि ते दोन पावलं पुढे येऊन उभे राहिले होते.

दारातून हे सगळं मी-रान बघत होती. नवऱ्याच्या प्रतिज्ञांना ती कंटाळली होती हे खरं, पण पांढरा फटक पडलेला तो चेहरा तिला बघवेना. तिला एकच गोष्ट लख्ख दिसली. हा माणूस स्वतःच्या नाही, माझ्या आईच्या तोंडामुळे मरणार!

ती धावली. मसाल्याच्या परातीत हात घातला, कोबीचं पान घेतलं, त्यात मसाला भरला, वर कालव ठेवलं, गुंडाळी केली आणि “अकरा” म्हणायला उघडलेल्या आईच्या तोंडात अख्खी कोंबली!

“म्म्म?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, मीठ बघ! नीट चावून सांग!”

आता किमची घालताना कुणी तोंडात गुंडाळी भरवली तर नाही म्हणायची आपल्याकडे पद्धतच नाही. सासूबाई चावत बसल्या. मी-रानने दुसरी केली, ह्वांग काकूंच्या तोंडात! तिसरी, चौथी! आईने पहिली गिळली की लगेच दुसरी तयार! “अगं, पण मी…” “काकू, तिखट किती ते सांगा!” अंगणभर नुसते फुगलेले गाल आणि कचकच आवाज. बोलायला एक तोंड मोकळं राहिलं नाही. वडिलांपुढेही तिने एक गुंडाळी धरली होती, पण त्यांनी हातानेच दूर सारली. “कामावर असताना खात नाही!”

“पंधरा!” मान-सू ओरडला. आवाज आता माणसाचा राहिला नव्हता. “सोऽळा!” घाम नाकावरून ठिबकत होता. त्याला पूर्वज दिसायला लागले. या खेपेला ते नुसते उभे नव्हते, हातवारे करून “चल, ये” म्हणत होते. “सतरा!”

उस्ताद आता त्याच्यासमोर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. मान-सू खाली गेला की तेही खाली, तो उठला की तेही वर. हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. तीस वर्षांत हजारो धडधाकट पोरं त्यांच्यासमोर बैठका मारून गेली होती, पण दोनदा मागे ढकलला तरी ‘नाही’ न म्हणणारा असला हट्टी प्राणी त्यांनी पाहिला नव्हता.

“अठरा!”

आतून दोंग-पिल कोपरांवर सरपटत उंबऱ्यापर्यंत आला. “साडूभाऊ, सोडू नका!” तो कुजबुजला. मी-रानने जाता जाता त्याच्याही तोंडात एक गुंडाळी कोंबली.

“एको… एको… एकोणीस!”

आणि मग अंगणात अशी शांतता पसरली, की कोबीतून ठिबकणारं पाणी ऐकू यावं. मान-सूने ओठ आवळले आणि विसाव्या बैठकीला खाली गेला. खाली पोचला. वर यायला निघाला. अर्ध्यावर आला आणि थांबला. वरही नाही, खालीही नाही! मांड्या थडथड उडत होत्या, डोळे बाहेर आले होते, बार वाकडा झाला होता. काकू चावायच्या थांबल्या. मी-रानने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. बारा वर्षांचा ‘दाखला’ त्या ऐंशी किलोंवर येऊन बसला होता आणि उतरायला तयार नव्हता.

“उठा!” एकदम गर्जना झाली. “उठा, जावईबापू, उठा! रेटा! अजून थोडं! वीसऽऽऽ!!!”

मान-सू ताडकन सरळ झाला!

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे लागले होते. बोंग उस्ताद हवेत उंचावलेली मूठ तशीच ठेवून उभे होते, तोंड उघडं, आणि चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत चाललेला.

ह्वांग काकूंनी घास गिळला. “उस्ताद,” त्यांनी साळसूदपणे विचारलं, “तो शेवटचा आकडा… मुका होता ना हो?”

उस्तादांनी मूठ खाली घेतली. टोपी सरळ केली. तीस वर्षं ज्या एका चुकीसाठी त्यांनी पोरांना चिखलात लोळवलं होतं, ती आज त्यांच्याच तोंडून झाली होती, आणि ती ऐकायला अर्धं गाव हजर होतं. पण नियम म्हणजे नियम! त्यांनी घसा खाकरला.

“पुन्हा पहिल्यापासून.”

“बाबा!” मी-रान किंचाळली. “अहो, मरेल तो!”

पण मान-सू बार घेऊन तसाच उभा होता. तो वेगळ्याच विचारात होता.

“बाबा,” तो धापा टाकत म्हणाला, “काय म्हणालात?”

“म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून.”

“ते नाही. त्याच्या आधी?”

“वीस.” उस्ताद जमिनीकडे बघत म्हणाले. “चुकून गेलं.”

“त्याच्याही आधी?”

उस्तादांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अख्ख्या अंगणाने कान टवकारले होते.

“…जावईबापू,” ते पुटपुटले.

“आकडा मोठ्यांदा म्हणायचा नियम आहे, बाबा! हाकेला नाही का?”

“जावईबापू!” उस्ताद असे ओरडले की डोंगरापलीकडची कुत्री भुंकली. “जावईबापू, जावईबापू! झालं समाधान?”

मान-सूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तोंडभर हसू पसरलं. बारा वर्षं ज्या शब्दासाठी कोबी वाहिला तो शब्द मिळाला होता, तोही ओरडून, तीनदा! आता नियमाला नाही कसं म्हणायचं?

“मग काहीच हरकत नाही!” तो म्हणाला. छाती पुढे काढली, दीर्घ श्वास घेतला आणि आनंदाने आरोळी ठोकली, “एक!”

आणि खाली गेला.

सगळे वाट बघत राहिले. मान-सू काही वर आला नाही. बार पाइपांवर टेकलेला, आणि त्याच्याखाली हा उकिडवा बसून हसतोय! काकूंनी न सांगताच त्याला बगलांत धरून उचलला आणि आत नेऊन दोंग-पिलच्या शेजारी तापलेल्या जमिनीवर मांडला. चार पाय एका रांगेत, सगळे दुमडलेले!

सासूबाईंनी उरलेला घास गिळला. आत डोकावून पाहिलं, मग अंगणातल्या गड्ड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग नवऱ्याकडे. हातातले गुलाबी हातमोजे काढून त्यांनी उस्तादांच्या छातीवर फेकले.

“झालं मनासारखं? दोन्ही जावईबापू आडवे झाले! आता काढा ती टोपी आणि उचला कोबी!”

उस्तादांनी टोपी काढली.